साधेपणा पुरेसा नाही

उद्योगपतीचा सत्कार असला की निवेदकाच्या तोंडी काही वाक्यं ठरलेली असतात. एवढे मोठे झाले, पण पाय जमिनीवर आहेत. अजून स्वतःची गाडी स्वतः चालवतात. कॅन्टीनमध्ये कामगारांच्या रांगेत उभं राहून जेवतात. सभागृह टाळ्या वाजवतं आणि त्या टाळ्या मनापासूनच्या असतात. पैशाचं प्रदर्शन न करणाऱ्या श्रीमंताबद्दल आपल्याकडे खरा आदर आहे. लग्नात हेलिकॉप्टर उतरवायच्या या दिवसांत तो आदर आणखी वाढला असेल तर नवल नाही. माझी तक्रार आदराबद्दल नाही. आपण तिथेच थांबतो, याबद्दल आहे. जुनं घड्याळ आणि साधा सदरा दिसला की आपण नम्रतेचा शिक्का मारून मोकळे होतो.

माणूस खुर्चीवर असेपर्यंत त्याची नम्रता ओळखणं फार अवघड असतं. भोवतीच्या प्रत्येकाचं पोट त्याच्या सहीवर अवलंबून असतं, त्यामुळे खरं कोणी सांगत नाही आणि त्यालाही ते ऐकायची गरज पडत नाही. परीक्षा होते ती खुर्ची सोडताना आणि सोडल्यानंतर. कारभार कोणाकडे दिला? दिल्यावर हात खरंच काढून घेतला का? आणि उरलेलं आयुष्य काढायला तो कुठे गेला, कोणाच्या शेजारी आणि कोणत्या कायद्याखाली? हा शेवटचा प्रश्न आपण खासगी मानून सोडून देतो. तो तितका खासगी नाही.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण स्वीडनमधलं आहे. इंगवार काम्प्राद यांनी १९४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आयकिया सुरू केली. स्मोलांड हा त्यांचा मुलूख खडकाळ जमिनीचा आणि काटकसरीच्या माणसांचा. तीच काटकसर त्यांनी धंद्यात आणली. फर्निचर सुटं करून चपट्या खोक्यात भरायचं, गिऱ्हाइकानं ते घरी नेऊन स्वतः जोडायचं, त्यातून वाहतूक आणि मजुरी वाचवायची आणि किंमत उतरवायची. तुर्भ्याचं त्यांचं दुकान २०२० च्या डिसेंबरात उघडल्यापासून नवी मुंबईकरांनाही ही पद्धत ठाऊक झाली आहे. काम्प्राद स्वतः विमानात साध्या वर्गातून प्रवास करत, वर्षानुवर्षं एकच जुनी व्होल्वो चालवत. वयाच्या नव्वदीत एका मुलाखतीत त्यांनी अंगावरचे कपडे जुन्या बाजारातून घेतल्याचं सांगितलं होतं. हे ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर टिकलेल्या सवयीला ढोंग म्हणता येत नाही.

पण याच काम्प्राद यांनी १९७३ साली कुटुंबासह स्वीडन सोडलं. आधी डेन्मार्क, मग त्याच दशकात स्वित्झर्लंड. कारण कर. स्वीडनमध्ये तेव्हा उत्पन्नावरचा कर प्रचंड होता आणि संपत्तीवर वेगळा कर होता. कंपनीच्या मालकाला संपत्तीकर भरायला कंपनीतून पैसा काढावा लागे आणि त्या काढलेल्या पैशावर पुन्हा कर बसे. धंदा वाढवू पाहणाऱ्याची त्यात कोंडी होत होती, हे मान्य करायलाच हवं. पुढे आयकियाची मालकी नेदरलँड्समधल्या एका प्रतिष्ठानाकडे गेली. नाव आणि बोधचिन्ह वापरण्याच्या हक्कांची मालकी दुसऱ्या साखळीत गेली. त्या साखळीच्या टोकाला लिख्टेनश्टाइनमधलं एक प्रतिष्ठान आहे, हे २०११ साली स्वीडिश दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी शोधून काढलं तेव्हा लोकांना कळलं. काम्प्राद लोझानजवळच्या एका गावात जवळजवळ चार दशकं राहिले. पत्नीच्या निधनानंतर, २०१४ साली, ते स्मोलांडला परतले, पुन्हा स्वीडनमध्ये कर भरू लागले आणि २०१८ च्या जानेवारीत तिथेच, ९१ व्या वर्षी वारले.

आता या माणसाला नम्र म्हणायचं का? विमानात तो स्वतःला इतर प्रवाशांपेक्षा वेगळा मानत नव्हता. पण शाळा, दवाखाने, रस्ते यांच्यासाठी शेजारीपाजारी, त्याचेच कामगार जो भार उचलत होते, त्या बाबतीत त्यानं स्वतःला वेगळं मानलं. पहिली गोष्ट सोपी, कारण साध्या वर्गाचं तिकीट स्वस्तच असतं. दुसरी महाग होती, आणि नेमकी तिथे त्यानं वाट बदलली. नम्रतेची माझी कसोटी ही आहे: सगळ्यांना लागू असलेला नियम मलाही लागू आहे, असं माणूस वागण्यातून मानतो का, आणि विशेषतः ते महाग पडत असताना मानतो का? कपडे, गाडी, घड्याळ यांतून त्या माणसाची आवड कळते. यापलीकडे फार काही कळत नाही.

यावर सरळ आक्षेप येईल की नियमच अन्यायाचा असेल तर? शंभर टक्क्यांच्या आसपास कर घेणाऱ्या सरकारला मान तुकवणं ही कसली नम्रता? आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तर त्याच देशात, त्याच काळात मिळालेलं आहे. १९७६ साली बालसाहित्यिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या लक्षात आलं की वाढीव उत्पन्नावर आपल्याला १०२ टक्के कर बसतो आहे. म्हणजे शंभर कमावले तर एकशे दोन द्यायचे. त्या आयुष्यभर सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या समर्थक होत्या. त्यांनी स्टॉकहोम सोडलं नाही. एका दैनिकात त्यांनी या करावर परीकथेच्या रूपात टीका लिहिली, ती देशभर गाजली, अर्थमंत्र्यांना उत्तर देता देता नाकी नऊ आले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत चाळीसहून अधिक वर्षं सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला. पराभवाला इतरही कारणं होती, पण त्या लेखाची धग सगळ्यांनी मान्य केली. लिंडग्रेन त्यानंतरही आपल्या जुन्याच घरात राहत होत्या. नियम चुकीचा वाटला तर त्याच्याशी भांडायला त्याच्या कक्षेत उभं राहावं लागतं. आपण बाहेर पडलो की नियम सुधारत नाही, तो फक्त मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येतो.

म्हणून परदेशात जाऊन निवृत्त होणं हा गुन्हा आहे का? मुळीच नाही. आपल्या घराघरांतून माणसं निवृत्तीनंतर परदेशी जातात. मुलगी टोरोंटोत, मुलगा न्यू जर्सीत, नातवंडं तिकडची. आई-वडील एकटे कोथरूडच्या सदनिकेत कशाला राहतील? त्यांच्यासाठी परदेशवास म्हणजे बहुतेकदा पायरी उतरणं असतं. इथे बँकेत शाखाधिकारी म्हणून ज्यांच्या शब्दावर कर्जं मंजूर होत, ते तिथे किराणा आणायला सुनेच्या गाडीची वाट पाहतात. शेजाऱ्याचे उच्चार कळत नाहीत, आपले त्याला कळत नाहीत. हिवाळ्यात दार उघडून बाहेर पडायचीही चोरी. या माणसांना नम्रता शिकवायची गरज नाही, परिस्थिती रोज शिकवते. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही.

प्रश्न आहे तो ज्यांच्यासाठी परदेश म्हणजे सवलत असते, त्यांच्याबद्दल. दुबईत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही. आपल्या आयकर कायद्यात निवासी कोण हे मुख्यतः भारतातल्या मुक्कामाच्या दिवसांवर ठरतं. ही मर्यादा १८२ दिवसांची. २०२० च्या अर्थसंकल्पानं, ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त आहे अशा परदेशस्थ नागरिकांसाठी ती १२० दिवसांवर आणली. कारण उघड होतं. काही माणसं धंदा इथला चालवत होती, निर्णय इथले घेत होती आणि दिवस मात्र मोजून राहत होती. बँकांना बुडवून पळालेल्यांची गोष्ट मी इथे करत नाही. त्यांचा विचार न्यायालयं करतील. मी बोलतोय ते पूर्णपणे कायदेशीर वागणाऱ्या, सन्मानित माणसांबद्दल. कायद्यात बसतं ते सगळं करण्याचा त्यांना हक्क आहे. पण त्याच वेळी देशानं आपल्याला गौरवावं, तरुणांनी आपल्याकडून मूल्यं शिकावीत, व्यासपीठावर मधली खुर्ची आपली असावी, ही अपेक्षा मला पटत नाही.

शिवाय परदेश म्हणजे पासपोर्टवर शिक्का लागतो तोच असं नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पंचगंगेच्या पाण्याबद्दल इचलकरंजी आणि शिरोळकडची माणसं वर्षानुवर्षं ओरडत आहेत. कारखान्याचा मालक त्या पाण्याच्या काठी राहत नसेल, मलबार हिलवर राहत असेल, तर त्याच्या निर्णयांच्या दृष्टीनं तो परदेशीच राहतो आहे. मुद्दा अंतराचा आहे: आपल्या निर्णयाचा परिणाम जिथे पडतो तिथून माणसानं स्वतःचं घर किती लांब हलवलं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला तेव्हा स्वतःचं बिऱ्हाडही तिथेच आणलं. साप, पाण्याची टंचाई, सगळं कामगारांबरोबर मालकाच्या कुटुंबाच्याही वाट्याला आलं. त्यामुळेच तिथे नळ, रस्ते, शाळा झाल्या, असा माझा तर्क आहे. ज्या घरात स्वतःची मुलं झोपतात त्याच्या आसपास माणूस गटार उघडं ठेवत नाही.

परदेश आणि नम्रता यांची सांगड वेगळ्या प्रकारे घालणारा एक माणूस होऊन गेला, त्याच्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर ही मांडणी एकांगी होईल. अमेरिकेचे चक फीनी. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात त्यांनी अफाट पैसा मिळवला. हाँगकाँग, पॅरिस, लंडन, आयर्लंड असं फिरतं आयुष्य काढलं. १९८२ साली त्यांनी बर्म्युडात प्रतिष्ठान स्थापन केलं आणि दोन वर्षांनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता, कोणालाही पत्ता लागू न देता, त्याच्या नावे केली. मासिकं त्यांची गणना अब्जाधीशांत करत राहिली, तेव्हा प्रत्यक्षात ते अब्जाधीश उरलेच नव्हते. १९९७ साली धंदा विकताना ही गोष्ट उघड झाली. आयर्लंडची विद्यापीठं, व्हिएतनामची रुग्णालयं, अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ अशा ठिकाणी मिळून सुमारे ८ अब्ज डॉलर वाटून झाल्यावर २०२० मध्ये त्यांनी प्रतिष्ठानच बंद केलं. पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतींवर त्यांचं नाव नाही. २०२३ साली ते सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तोवर नवरा-बायको भाड्याच्या घरात राहत होते. बर्म्युडा निवडण्यामागे कराचा विचार होताच, आणि तो मला खटकतो. तरी फीनी आणि काम्प्राद एका पंक्तीत बसत नाहीत. दोघांचं घड्याळ स्वस्त होतं. पण एकानं संपत्तीवरचा ताबा सोडला, दुसऱ्यानं तो पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हाती लागणार नाही अशी तजवीज केली.

ताबा सोडणं. निवृत्तीतलं सगळ्यात कठीण काम हेच, आणि इथे आपल्या देशातल्या फार आदरणीय माणसांचीही ओढाताण झालेली दिसते. नारायण मूर्तींचं साधं राहणं सर्वांना माहीत आहे. इन्फोसिसमधून निवृत्तीचं वय त्यांनीच घालून दिलं, त्याप्रमाणे २०११ साली ते बाजूला झाले. मग २०१३ मध्ये परत आले, मुलाला सहायक म्हणून बरोबर घेऊन. २०१४ मध्ये पुन्हा गेले आणि २०१७ मध्ये नव्या प्रमुखांच्या कारभाराबद्दलचा त्यांचा वाद वर्तमानपत्रांत रंगला. रतन टाटा ७५ व्या वर्षी, २०१२ च्या डिसेंबरात, ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. २०१६ च्या ऑक्टोबरात, त्यांच्या जागी आलेल्या सायरस मिस्त्रींना दूर करून काही महिन्यांसाठी पुन्हा त्या खुर्चीत बसले. सर्वोच्च न्यायालयानं पुढे टाटा समूहाची बाजू उचलून धरली, हेही नोंदवायला हवं. या दोघांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही आणि परतण्यामागे त्यांना संस्थेची काळजीच वाटत असणार. पण ‘माझ्याशिवाय हे नीट चालणार नाही’ ही भावना अंतर्मनात किती खोल असते, ते या दोन प्रसंगांत दिसतं. साधेपणा आणि नम्रता एकाच माणसात असूनही वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

सोइचिरो होंडांचं जाणं मला म्हणूनच मोठं वाटतं. काम्प्राद यांनी स्वीडन सोडलं त्याच १९७३ साली, कंपनीला २५ वर्षं होत असताना, होंडा आणि त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी एकाच वेळी कारभार सोडला. होंडांचं वय तेव्हा ६६, फुजिसावांचं ६२. कारभार दिला कियोशी कावाशिमा या पंचेचाळिशीतल्या अभियंत्याकडे. दोघांनीही आपल्या मुलांना कंपनीत आणलं नव्हतं. (आपल्याकडे १९८४ नंतर फिरोदियांच्या कायनेटिकबरोबर जिची स्कूटर घरोघर आली तीच ही होंडा.) त्यानंतर होंडांनी केलं काय, तर जपानभरातले कारखाने, शाखा आणि गाड्या विकणारी लहानसहान दुकानं एकेक करून गाठली, आणि भेटेल त्या कामगाराशी हात मिळवून आभार मानले. आडगावच्या दुकानात दोनच माणसं असली तरी ते जात. एका कामगारानं हाताला तेल लागलंय म्हणून हात मागे घेतला, तेव्हा होंडांनी तोच हात धरला, अशी आठवण सांगितली जाते. जपान संपल्यावर ते परदेशातल्या शाखांनाही भेटून आले. १९९१ मध्ये ते वारले तेव्हा कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढली गेली नाही, कारण मोटारी बनवणाऱ्यानं रस्त्यावर वाहतुकीची कोंडी करू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. होंडा काही शांत स्वभावाचे नव्हते. कारखान्यात ते रागानं हातातलं हत्यारही फेकत, असं त्यांचेच सहकारी सांगत. नम्रता म्हणजे मृदू आवाज नव्हे, हेही त्यांच्यावरून कळतं. निवृत्तीच्या मोकळ्या दिवसांत ज्यांच्या कष्टावर आपण मोठे झालो त्यांच्या दारी जाणं त्यांना सगळ्यात आधी करावंसं वाटलं. स्वित्झर्लंडचं तळं त्यांनाही परवडलं असतं.

आपल्या पुण्यातलं एक उदाहरण यासोबत ठेवण्यासारखं आहे. १९९६ मध्ये पतीच्या आकस्मिक निधनानंतर अनु आगा थरमॅक्सच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्या काही वर्षांत कंपनीची घसरण झाली, शेअर कोसळला. तेव्हा एका भागधारकाचं निनावी पत्र आलं. आशय असा की तुम्हाला पैशाची ददात नसेल, पण तुम्ही आम्हा भागधारकांना तोंडघशी पाडलंत. निनावी पत्र केराच्या टोपलीत टाकायला कारण लागत नाही. अनु आगांनी ते टाकलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितलं. बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळ बदललं आणि कुटुंबातली माणसं, त्यांत मुलगी आणि जावईही, रोजच्या कारभारातून बाजूला झाली. कंपनी सावरली. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलगी मेहेर पुदुमजी यांच्याकडे दिलं आणि स्वतः शिक्षणाच्या कामाकडे वळल्या. पद घरातच राहिलं, हे खरं. पण ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाचं म्हणणं खरं असू शकतं, हे सत्तेवर असताना मान्य करणं मला कुठल्याही साध्या साडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग सामान्य वाचकानं, कामगारानं, छोट्या पुरवठादारानं नम्र उद्योजक ओळखायचा कसा? भोसरी, अंबड, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जाऊन एखाद्या जॉबवर्क करणाऱ्याला विचारा. तो मालकाच्या चपलेबद्दल बोलणार नाही, बिलाबद्दल बोलेल. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. आता तर वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या करआकारणीत खर्च म्हणून धरता येत नाही, अशीही तरतूद झाली आहे. तरी सहा-सहा महिने बिलं अडकतात, आणि पुढची ऑर्डर जाईल या भीतीनं पुरवठादार तक्रार करत नाही. आपल्या खात्यात पैसा असताना दुसऱ्याला त्याच्या कष्टाच्या पैशासाठी फेऱ्या मारायला लावणं, ही उद्दामपणाची सर्वांत रोजची आणि सर्वांत कमी दिसणारी तऱ्हा आहे. असे मालक गणपतीच्या आरतीला कामगारांत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. फोटो चांगला येतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ पासून उद्योगक्षेत्रासाठी राज्य पुरस्कार सुरू केले आहेत. पहिला उद्योगरत्न पुरस्कार रतन टाटांना दिला गेला आणि तो योग्यच होता. हे पुरस्कार जनतेच्या वतीनं दिले जातात, म्हणून निवडीच्या वेळी काही माहिती जाहीर व्हावी अशी माझी मागणी आहे. ती व्यक्ती करासाठी कोणत्या देशाची निवासी आहे? तिच्या कंपन्यांकडे लघुउद्योगांची ४५ दिवसांवरची किती थकबाकी आहे? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किती नोटिसा बाकी आहेत? निवृत्तीचं वय ठरलेलं आहे का, आणि आधीच्या प्रमुखानं ते पाळलं का? यातली थकबाकीची विवरणपत्रं कंपन्यांना दर सहा महिन्यांनी केंद्र सरकारकडे भरावीच लागतात. नोटिसा मंडळाच्या दप्तरात असतात. निवड समितीनं त्या मागवून घ्यायच्या आणि मानपत्राबरोबर छापायच्या, एवढंच करायचं आहे.